मागून गेलं ते मांजरच होतं का?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकाने सहज विचारलं होतं, की जुन्या पिक्चरमध्ये हिरोच्या मागे मांजर दिसलं की मला पुढचे डायलॉग ऐकूच येत नाहीत, असं अजून कोणाला होतं का. होतं म्हणे. एवढ्या जणांना होतं की यावेळी पित्त, प्लॉट आणि पासपोर्टवाले प्रश्न बाजूला ठेवले आणि अख्खं सदर मांजरांना दिलं. ज्यांची पत्रं राहिली त्यांनी रागावू नका, बरीचशी एकाच पिक्चरबद्दल होती.

प्रश्न: रिटायर झालोय, दुपारी कूलर लावून यूट्यूबवरचे जुने ब्लॅक अँड व्हाईट पिक्चर टीव्हीवर लावतो. मांजर शोधायचा नाद लागला पण फार कमी सापडतात. नातू म्हणतो आबा तुम्ही चुकीच्या जागी बघता. बरोबर जागा कोणती? (मानेवाडा)

काका, जागेचं नंतर, आधी टीव्हीचं सेटिंग बघा. जुना पिक्चर जवळजवळ चौकोनी असतो, ४:३ च्या आसपास, आणि आपले टीव्ही १६:९. दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या की घरात कोणीतरी ‘झूम’ करून ठेवतं, मग पडदा भरतो पण वरून-खालून मिळून जवळपास पाव चित्र उडतं. आणि मांजर कुठे असतं? खालीच ना! हिरोईनचा अंबाडा कापला गेला तर लगेच कळतं, पायाजवळून गेलेलं मांजर कापलं गेलं तर कोणालाच कळत नाही. म्हणून ‘ओरिजिनल’ किंवा ‘४:३’ वर ठेवा, पट्ट्या राहू द्या. काही लोक अपलोड करतानाच चित्र कापून टाकतात, तिथे इलाज नाही, दुसरी प्रिंट शोधायची. रुंद पडद्याच्या पिक्चरचं याच्या उलट व्हायचं, ते टीव्हीवर दाखवताना दोन्ही बाजू छाटायचे, म्हणजे कडेने जाणारी मांजरं गेली.

आता जागा. स्टुडिओत उभारलेला श्रीमंताचा दिवाणखाना सोडून द्या, तिथे फुलदाणी आणि पियानो, बाकी काही नाही. खरी गल्ली, नदीचा घाट, कोळीवाडा, बंदर, रेल्वेचा फलाट, वाड्याचं अंगण असं काही आलं की सावध व्हायचं. कुंपणाच्या भिंतीचा वरचा काठ बघा, जिन्याखालची सावली बघा, सत्यजित रायसारखा माणूस खऱ्या गावात कॅमेरा नेतो तेव्हा तर बघाच (‘पथेर पांचाली’, १९५५, कोलकात्याजवळचं बोडाल गाव, त्यात छोटी दुर्गा मडक्यातून मांजराची पिल्लं काढते, पण ती कथेतलीच, मागून गेलेली नाहीत). कॅमेरा एका जागी ठेवून लांबलचक संवाद चाललाय असे शॉट सगळ्यात चांगले, कारण मांजराला यायला आणि जायला वेळ मिळतो. आणि एक आमची युक्ती सांगतो, मेन आर्टिस्टकडे बघूच नका, मागच्या ज्युनियर आर्टिस्टकडे बघा. त्यांच्यातला एखादा उगाच खाली बघून पाय बाजूला घेतो, तिथे काहीतरी आहे. बऱ्याचदा कुत्रा निघतो, पण तरीही.

दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद. गोष्ट कळायला लागली की नजर आपोआप तोंडावर जाते. शंका आली की नातवाला त्याच्या कॉम्प्युटरवर तोच व्हिडिओ लावायला सांगा, थांबवायचा आणि फुलस्टॉपची कळ दाबायची, एकेक फ्रेम पुढे जाते, कॉमा दाबला की मागे. सेकंदाला २४ फ्रेम असतात, तर दोन सेकंदात गेलेलं मांजरसुद्धा ४८ वेळा तपासता येतं.

प्रश्न: मित्र छातीठोकपणे सांगतो की ‘गॉडफादर’मधलं मांजर स्क्रिप्टमध्ये नव्हतंच. आम्ही तर त्याला फेकू म्हणतो. (धरमपेठ)

यावेळी फेकत नाहीये तो. १९७२ चा पिक्चर, सुरुवातीचा सीन, माफिया डॉनच्या मुलीचं लग्न चाललंय, बोनासेरा नावाचा माणूस न्याय मागायला आलाय आणि डॉन झालेला मार्लन ब्रँडो अंधाऱ्या खोलीत बसून मांडीवरच्या मांजराशी खेळतोय. डायरेक्टर कपोलाने स्वतः सांगितलंय की ते स्टुडिओत फिरणारं भटकं मांजर होतं, त्याने उचललं आणि काही न बोलता ब्रँडोच्या हातात दिलं. ब्रँडोला जनावरांचा लळा होता, मांजरालाही ते कळलं असावं, कारण ते इतकं जोरात गुरगुरायला लागलं की ब्रँडोचे काही संवाद नीट ऐकू येईनात आणि नंतर परत रेकॉर्ड करावे लागले. पुढच्या वेळी बघाल तेव्हा ब्रँडोच्या चेहऱ्याकडे बघू नका, हाताकडे बघा. माणूस एवढ्या गंभीर गोष्टी बोलतोय आणि हात मात्र घरी खाटेवर बसल्यासारखा मांजराच्या हनुवटीखाली. त्या बोटांना कोणीच डायरेक्ट केलेलं नाही. आणि त्या सीनची सगळी भीती तिथून येते असं माझं मत.

पण आता नियमाचा मुद्दा, कारण तीन-चार पत्रांत त्याच्यावरून भांडण आहे. मांडीवरचं मांजर ‘मागचं’ मोजायचं का? माझ्या मते नाही. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (१९६३) या बाँडपटात व्हिलन ब्लोफेल्डचा चेहरा दाखवतच नाहीत, नुसते हात आणि पांढरं पर्शियन मांजर, ते तर उघडच कामावर बोलावलेलं. ‘ला दोल्चे व्हिता’ (१९६०) मध्ये अनिता एकबर्गच्या डोक्यावरचं पांढरं पिल्लू, तेही तसंच. ‘द थर्ड मॅन’ (१९४९) मध्ये व्हिएन्नाच्या दारात उभ्या असलेल्या ऑर्सन वेल्सच्या बुटांशी येऊन बसणारं पिल्लू मला फार आवडतं, पण त्याच्यावाचून कथाच पुढे सरकत नाही, तेव्हा तेही नाही. रोजंदारीवर आलेलं मांजर मोजायचं नाही, न बोलावता आलेलंच मोजायचं. गॉडफादरवालं न बोलावता आलं आणि मेन रोल घेऊन बसलं, त्याला काय म्हणायचं ते तुम्ही मित्राशी ठरवा.

प्रश्न: शॉटमध्ये मांजर शिरलं तर ‘कट’ म्हणून परत का नाही घेत? आळस? (महाल)

आळस नाही हो, पैसा. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट जाते, हजार फुटांचा डबा अकरा मिनिटांत संपतो. कच्ची फिल्म बाहेरून यायची, दुसऱ्या महायुद्धात तर सरकारने रेशनिंग करून पिक्चरची लांबीच ११,००० फुटांवर बांधली होती, म्हणजे साधारण दोन तास. नंतरही लायसन्स-परमिटचा काळ, उटीजवळ हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना उभा राहिला तो साठच्या दशकात. अशा दिवसांत नायिकेने डोळ्यात खरं पाणी आणून दोन मिनिटांचा टेक ओके दिलाय, मागून मनीबाई गेल्या, तर कोण १८० फूट परत घालवणार?

आणि दुसरं म्हणजे पुष्कळदा कोणाला दिसलेलंच नसायचं. आज डायरेक्टर मॉनिटरसमोर बसतो, तिथल्या तिथे परत लावून बघतो. तेव्हा जे काही दिसायचं ते कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या माणसाला, आणि तो फोकस आणि हिरोच्या मागे. फिल्म लॅबमधून धुऊन येणार, मग रशेस म्हणजे धुऊन आलेले कच्चे शॉट बघणार, तोवर सेट मोडलेला. एडिटिंग टेबलचा पडदा केवढासा, त्यात कोपऱ्यातलं मांजर म्हणजे एक ठिपका. म्हणजे त्या मांजराला नीट बघणारा पहिला माणूस बरेचदा टॉकीजमध्ये पहिल्या रांगेत मान वर करून बसलेला पब्लिकच असणार.

स्टुडिओत मांजरं का असायची हे वेगळं सांगायला नको, कापडं, लाकूड, कॅन्टीनचं उष्टं, म्हणजे उंदीर, आणि उंदीर म्हणजे मांजर. वॉचमनच्या आधी त्यांचाच हक्क.

प्रश्न: आमच्या यांच्याशी पैज लागलीय. पन्नासच्या दशकातल्या ब्लॅक अँड व्हाईट पिक्चरमध्ये मागून एक गडद मांजर जातं. मी म्हणते केशरी असेल, काळ्या-पांढऱ्यात गडद दिसतं. हे म्हणतात काळंच. हरणाऱ्याने सांबारवडी द्यायची. (लक्ष्मीनगर)

ताई, तुमचं म्हणणं तीस वर्षं आधी शंभर टक्के खरं ठरलं असतं. मूकपटांच्या काळात जी फिल्म वापरायचे तिला लाल रंग दिसतच नसे, निळा आणि हिरवा तेवढा कळायचा. त्यामुळे लाल लिपस्टिक काळी यायची, नटांना विचित्र रंगांचा मेकअप करावा लागायचा आणि केशरी बोका चांगलाच काळपट दिसायचा. १९२० चं दशक संपता संपता पॅन्क्रोमॅटिक फिल्म रुळली, तिला सगळे रंग कळतात, म्हणून पन्नासच्या दशकात केशरी मांजर मध्यम किंवा फिकट राखाडी दिसणार. कॅमेरामनने ढग उठून दिसावे म्हणून केशरी किंवा लाल फिल्टर लावला असेल तर अजूनच फिकट.

अजून एक खूण. केशरी मांजराच्या अंगावर पट्टे कमी-जास्त असतातच, एकदम सपाट केशरी मांजर जवळून बघितलं तरी कुठेतरी पट्टा निघतो. तर फ्रेम थांबवा, शेपटी आणि पायांवर पट्टे शोधा. रंग सपाट गडद असेल आणि सीन दिवसाचा असेल तर सांबारवडीची तयारी करा. सीन रात्रीचा असेल तर मात्र दम धरा, कारण तेव्हा रात्र बरेचदा दिवसाच घ्यायचे, कमी एक्सपोजर आणि फिल्टर लावून, आणि त्यात पांढऱ्याशुभ्र मांजराचंही काही खरं नसतं. मग पैज रद्द, सांबारवडी दोघांनी मिळून आणा.

(रंगीत पिक्चरवाल्यांसाठी जाता जाता, केशरी दिसलं तर पाचातले चार बोके असतात, आणि तिरंगी दिसलं तर ती जवळपास नक्कीच मांजरी. हिरोईनने त्याला ‘राजा’ म्हटलं तरी.)

प्रश्न: पिक्चरमधलं मांजर तोंड उघडतं एकीकडे आणि म्याऊ येतं भलतीकडून. काहून? (सक्करदरा)

कारण तो आवाज त्याचा नाहीच. आपल्याकडे साठच्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षं जवळजवळ सगळे पिक्चर नंतर डब व्हायचे, कॅमेरेच एवढे खडखड करायचे की शूटिंगच्या जागेवरचा आवाज वापरायची सोय नव्हती. ‘लगान’ने (२००१) जागेवरच आवाज घेतला तर त्याची केवढी चर्चा झाली होती. तर डबिंगला हिरो येतो, हिरोईन येते, मांजर कशाला येईल. तिथे साउंड लायब्ररीतलं म्याऊ लावायचं किंवा कोणीतरी माईकसमोर तोंडाने काढायचं. एकच म्याऊ वेगवेगळ्या पिक्चरमध्ये ऐकल्यासारखं वाटतं ना, वाटणारच.

पिल्लं सोडली तर मोठी झालेली मांजरं एकमेकांशी फारसं म्याऊ करत नाहीत, ते बहुतेक माणसांसाठीच राखून ठेवलेलं असतं, दूध मागायला, दार उघडायला. म्हणून भिंतीवरून एकटंच चाललेलं मांजर दर दोन पावलांना म्याऊ म्याऊ करत असेल तर तो साउंडवाल्याचा उत्साह. खरं भटकं मांजर गुपचूप येतं आणि गुपचूप जातं, आपल्याला तेच हवं आहे.

प्रश्न: सिनेमातलं पहिलं मांजर कोणतं? क्विझसाठी हवं आहे. (वर्धमाननगर)

क्विझसाठी १८९४ लिहा, एडिसनच्या स्टुडिओत काढलेली ‘बॉक्सिंग कॅट्स’, छोट्या रिंगणात हातमोजे घातलेली दोन मांजरं एकमेकांना ठोसे मारतात, सगळा खेळ अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर. बघायला गंमत वाटते आणि जरा वाईटही. त्यानंतर १९०० च्या आसपास फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची, मुलगी आणि मांजराची छोटी फिल्म आहे. पण माझं आवडतं उत्तर वेगळं, १९०३ ची ‘द सिक किटन’, इंग्लंडच्या जी. ए. स्मिथची. दोन मुलं आजारी पिल्लाला औषध पाजतात आणि मध्येच एकदम जवळून नुसतं पिल्लू आणि चमचा. क्लोजअप म्हणजे काय हे लोकांना नवीन होतं तेव्हाची गोष्ट. हे पिल्लू पुढे आलेलं आहे, मागचं नाही, तेव्हा आमच्या नियमात बसत नाही, पण क्विझमास्तरला सांगून बघा.

प्रश्न: एकाच सीनमध्ये मांजर बदलतं हे मी पकडलं! घरी कोणी विश्वास ठेवत नाही. आठवीत आहे. (नंदनवन)

शाब्बास. विश्वास ठेवतो, कारण असं सर्रास होतं. एक मांजर शांत बसण्यात हुशार, दुसरं पळण्यात, तिसरं उचलून घेऊ देतं, म्हणून एका रोलला दोन-चार सारखी दिसणारी ठेवतात. ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’ (१९६१) मधला ओरँजी हा केशरी बोका फार नावाजलेला, अमेरिकेत जनावरांना द्यायचा पॅट्सी नावाचा पुरस्कार त्याला दोनदा मिळाला, पण त्या पिक्चरमध्येही सगळं काम त्याने एकट्याने केलेलं नाही. ‘एलियन’ (१९७९) मधल्या जोन्सी या मांजराच्या रोललाही एकापेक्षा जास्त मांजरं होती. त्यात ते मांजर घाबरून फिस्कारतं ना, तिथे समोर राक्षस नव्हता, आडोशामागे जर्मन शेफर्ड कुत्रा ठेवला होता आणि आडोसा काढला. तू कपाळावरचा पॅटर्न आणि पायमोजे बघत जा, म्हणजे पायाचा पांढरा भाग कुठपर्यंत आहे ते, शेपटीवरून फसायला होतं.

आणि मोठं झाल्यावर फ्रेंच डायरेक्टर त्रुफोचा ‘डे फॉर नाईट’ (१९७३) बघ. पिक्चर काढणाऱ्या लोकांवरचा पिक्चर आहे, त्यात एका पिल्लाने ट्रेमधलं दूध प्यायचं एवढाच शॉट आणि ते काही केल्या पीत नाही, अख्खं युनिट डोक्याला हात लावून बसतं, शेवटी दुसरं मांजर आणावं लागतं.

प्रश्न: हॉरर पिक्चरमध्ये काळी मांजर आडवी जाते ती धरायची का? सासूबाई तेवढ्यापुरता चॅनल बदलतात. (गोकुळपेठ)

नाही. वीज चमकली, दार करकरलं आणि मांजर उडी मारून आलं, म्हणजे कोणीतरी कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून फेकलेलं. सासूबाईंचं बरोबर आहे, तेवढं न बघितलेलंच बरं.

प्रश्न: सदर भागातल्या एका जुन्या टॉकीजमध्ये लहानपणी पडद्यासमोरून खरंखुरं मांजर गेलं होतं आणि व्हिलनच्या डोळ्यांच्या मधोमध त्याची सावली पडली होती. हे चालेल? (इतवारी)

नियमात नाही बसत पण मी तुमच्या नावाने धरून टाकतो राजेहो. त्या काळी इंटरव्हलच्या समोशाच्या वासाने एकेका टॉकीजमध्ये मांजरांची पिढ्यानपिढ्यांची वस्ती असायची, बाल्कनीच्या पायऱ्यांवर अंधारात पाय ठेवला की कोणीतरी किंचाळायचं, माणूस किंवा मांजर. सिंगल स्क्रीन बंद झाल्या, मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्न आहे, मांजर काय खाणार.

प्रश्न: नवीन पिक्चरमध्ये एवढी दिसत नाहीत असं का वाटतं? (मनीषनगर)

वाटत नाही, खरंच कमी दिसतात. एक तर कामावर जनावर वापरायचं म्हणजे आता परवानगी लागते, २००१ चे नियम आहेत, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचा कागद लागतो, आणि ते चांगलंच झालं, आधी काय काय चालायचं ते वर आलंच आहे. पण आपल्या बिनबोलावलेल्या मांजराला वेगळाच धोका. ते शॉटमध्ये आलंच तर मॉनिटरवर लगेच दिसतं, रिटेकला फिल्मचा खर्च नाही, आणि तरीही राहिलं तर कॉम्प्युटरवर बसलेला एखादा पोरगा ते पुसून टाकतो, भिंत तशीच राहते, मांजर गायब. माझा सगळा जीव जुन्या पिक्चरवर का आहे ते यातच आलं. तिथे सगळे अ‍ॅक्टिंग करत असतात, झाडसुद्धा प्लॅस्टरचं असतं, आणि एक जीव फक्त घरी चाललेला असतो.

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणींनी वही केली आहे, पिक्चरचं नाव आणि मांजर कितव्या मिनिटाला ते लिहितो. पण तिची आणि माझी वेळ कधीच जुळत नाही. ती डीव्हीडीवर बघते, मी यूट्यूबवर. कोणाचं घड्याळ चुकतंय? (रामदासपेठ)

कोणाचंच नाही. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम, आपल्याकडच्या टीव्हीच्या पॅल पद्धतीच्या डीव्हीडीत सेकंदाला २५ दाखवतात, म्हणजे पिक्चर चार टक्के भरभर पळतो. दोन तासांचा पिक्चर पाच मिनिटं आधीच संपतो आणि आवाजाची पट्टीही किंचित चढते. तुमच्या वहीत मांजर एक तास तेरा मिनिटांवर असेल तर तिच्या वहीत ते एक तास दहावर येईल, आणि दोघी बरोबर. यूट्यूबवर तर अजून घोळ, कोणी सुरुवातीची सेन्सॉरची पाटी कापतं, कोणी आपल्या चॅनलची जाहिरात जोडतं, कोणी गाणीच उडवतं, आणि काही अपलोड डीव्हीडीवरूनच उचललेले असतात, तिथे दोघींची वेळ अचानक जुळेल. म्हणून नुसती वेळ लिहू नका, प्रिंट कुठली ते लिहा, त्या क्षणी चाललेला डायलॉग लिहा, मांजर डावीकडून आलं की उजवीकडून, आणि बघणाऱ्याला सापडेल अशी एखादी खूण, खांब, माठ, सायकल, काहीही. आणि वहीत एक रकाना ‘बहुतेक कुत्रा’ असाही ठेवा, तो लवकर भरतो.